दार्ष्टांतिक

रानात मोहफुले गळू लागली की माझ्या टेबलावर एम. ए. मराठीच्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध येऊन पडतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, वैनगंगेच्या अलीकडल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवते. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. माझी निम्मी मुले नदीपलीकडून येतात. मी शिकत होते तेव्हा आमची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. विद्यापीठ बदलले, अभ्यासक्रम दोन-तीनदा बदलले. लघुप्रबंधातला परिच्छेद मात्र बदलला नाही. आज मला त्याविषयीच थोडे लिहायचे आहे, आणि त्या निमित्ताने माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही.

प्रस्तावना आणि उपसंहार मुलांना बरे जमतात. प्रस्तावनेत विषयाचे महत्त्व सांगायचे असते आणि उपसंहारात ते पुन्हा सांगायचे असते, असा सार्वत्रिक समज आहे. त्यामुळे तिथे कोणी अडत नाही. पडझड होते ती मधल्या पानांत. तिथला ठरावीक परिच्छेद वाचकांपैकी जे अध्यापक आहेत त्यांच्या चांगल्या परिचयाचा असेल. पहिल्या वाक्यात एक विधान. दुसऱ्या वाक्यात 'या संदर्भात अमुक समीक्षक म्हणतात' अशी ललकारी. मग त्या समीक्षकांचे चार ओळींचे अवतरण. मग 'वरील अवतरणावरून हे स्पष्ट होते की' हे शब्द, आणि त्यांच्यापुढे पहिलेच विधान, थोडे शब्द फिरवून. परिच्छेद संपला. जिथून निघालो तिथेच परत आलो. अशा चाळीस परिच्छेदांचे एक प्रकरण आणि अशा चार प्रकरणांचा एक लघुप्रबंध होतो.

या परिच्छेदात काही चुकीचे नसते, ही त्यातली खरी अडचण आहे. विधान बरोबर असते, अवतरण बरोबर असते, पृष्ठक्रमांकही पुष्कळदा बरोबर असतो. त्याला नापास करता येत नाही. कित्येक वर्षे मी असे परिच्छेद उत्तीर्ण करत आले, इतकेच नव्हे तर मुलांना ते लिहायला शिकवत आले. कारण एम. ए.ला असताना मी स्वतः तसेच लिहिले होते आणि त्यावर मला चांगले गुण मिळाले होते.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुरखेड्याकडचा एक मुलगा माझ्याकडे लघुप्रबंधासाठी होता. विषय झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रेक्षकांसंबंधीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या गावोगावी मंडई भरते, काही ठिकाणी शंकरपट होतो, आणि त्या निमित्ताने रात्री नाटक होते. या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे म्हणजे वैनगंगेपलीकडले देसाईगंज, ज्याला आम्ही सगळे वडसा म्हणतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर राज्यातल्या वृत्तपत्रांना या रंगभूमीची आठवण झाली. मी सांगते आहे त्या वेळी तिच्यावरचे लेखन आजच्या मानाने थोडे होते, आणि ज्याला आपण 'संदर्भ' म्हणतो ते शोधताना मुलांची दमछाक होत असे.

त्या मुलाने दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा आणून दिला. त्यात एक परिच्छेद होता. त्याचा आशय मला आज जवळजवळ शब्दशः आठवतो. आमच्याकडचे नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. लोकांना लांबलचक नाटकच आवडते असे म्हणतात. पण माझी आई म्हणते, नाटक अर्ध्या रात्री संपले तर बायांनी लेकरे घेऊन जावे कुठे? माणसे चार गावांहून आलेली असतात, मधे जंगल असते, अस्वलाचे भय असते. म्हणून नाटकाला उजाडेपर्यंत चालावेच लागते. आणि तेवढे चालवायचे म्हणून मधे मधे गाणी आणि विनोदी प्रवेश लागतात.

मी त्या परिच्छेदावर लाल शाईने तिरपी रेघ मारली. समासात लिहिले, 'संदर्भ? वैयक्तिक मत टाळावे.' शिवाय दोन ठिकाणच्या 'पन'चे 'पण' केले, आणि 'बाया' खोडून 'स्त्रिया' केले.

मुलगा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पन हे तं खरं आहे ना." मी त्याला समजावले, की खरे असणे निराळे आणि सिद्ध असणे निराळे. तो म्हणाला, "मंग काहाडू का?" मी म्हणाले, "काढ."

अंतिम प्रतीत त्या जागी एक नवा परिच्छेद होता. झाडीपट्टी रंगभूमी ही लोकाभिमुख रंगभूमी असून तिने लोकमानसाशी घट्ट नाते जोडले आहे, असे त्यात म्हटले होते. एका अभ्यासकाचे अवतरण होते. वरील अवतरणावरून या रंगभूमीचे लोकमानसाशी असलेले नाते स्पष्ट होत होते. बहिःस्थ परीक्षकांनी लघुप्रबंधाची स्तुती केली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, दिवाळीनंतरच्या एका मंडईत, वडशाजवळच्या एका गावी मी रात्रीचे नाटक बघायला गेले. सहकाऱ्याची गाडी होती. अडीचच्या सुमारास डोळे जड झाले आणि आम्ही उठू लागलो. शेजारी एक बाई मांडीवर निजलेले पोर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आता कुठं जाता बाई? उजाडू द्या ना." मी सांगितले, आमच्याकडे गाडी आहे. ती पुढे काही बोलली नाही. पोराच्या अंगावरची चादर सारखी करून पुन्हा रंगमंचाकडे बघू लागली. परतीच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना रान आणि मधून आमच्या गाडीचा उजेड जात असताना, तो खोडलेला परिच्छेद मला आठवला. त्या मुलाने एका रंगभूमीच्या रचनेचे कारण तिच्या प्रेक्षकांच्या परतीच्या वाटेत शोधले होते. एखाद्या नामवंत समीक्षकाने तसे लिहिले असते, तर मी ते वर्गात आदराने वाचून दाखवले असते.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात वर्गात 'दृष्टांतपाठ' चालू होता. हा ग्रंथ मी तोवर बारा-तेरा वेळा शिकवला असेन. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, महानुभाव पंथातल्या केसोबासांनी सिद्ध केलेला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येक दृष्टांताचे तीन भाग असतात. आधी सूत्र, म्हणजे श्रीचक्रधरांचे एक त्रोटक वचन. मग दृष्टांत, म्हणजे ते वचन समजावण्यासाठी चक्रधरांनीच सांगितलेली एखादी साधी गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या वचनाला कशी लागू पडते याचे विवरण. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ते उतरवून घेत असत. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते.

त्या दिवशी फळ्याकडे पाठ करून उभी असताना पहिल्यांदाच मनात आले, की हा तर परिच्छेद आहे. विधान, पुरावा आणि विवरण. इंग्रजीच्या निबंधलेखनाच्या पुस्तकांत जे सांगतात ते याहून फारसे वेगळे नाही. ॲबर्डीनचे अध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली परिच्छेदाचे नियम पुस्तकात मांडले आणि तेथून ते जगभरच्या वर्गांत गेले, असा इतिहास सांगतात. ओळ आत सरकवून नवा परिच्छेद सुरू करण्याची रीत आपल्याकडे छापखान्याबरोबर रुळली, आणि विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांच्याकडे जाते. पण परिच्छेदाचा आकार ही छापखान्याची देणगी असली, तरी त्याच्या आतली बांधणी आपल्या गद्याला फार आधीपासून ठाऊक होती. न्यायशास्त्राचे पंचावयवी वाक्य तर त्याहून जुने. डोंगरावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, कारण तिथे धूर आहे हा हेतू, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण, हा डोंगरही तसाच धुराने युक्त आहे हा उपनय, आणि म्हणून डोंगरावर अग्नी आहे हे निगमन. यातला उपनय आणि केसोबासांचे दार्ष्टांतिक यांचे काम सारखे आहे. उदाहरणाकडून पुन्हा आपल्या डोंगराकडे परत येणे, हे ते काम.

आमच्या मुलांच्या परिच्छेदात नेमके हेच नसते. सूत्र असते, दृष्टांत असतो, निगमनही असते, दार्ष्टांतिक नसते. आणि त्या मुलाच्या ज्या एका परिच्छेदात ते होते, तो मी खोडला होता.

दार्ष्टांतिकाची गरज काय, पुरावा बोलका असला म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. मुले म्हणतातच. त्यांना मी दृष्टांतपाठातल्याच हत्तीकडे नेते. जन्मांध माणसे हत्तीला हात लावून बघतात आणि ज्याच्या हाती जो अवयव लागला त्यावरून प्रत्येक जण हत्तीचे वर्णन करतो. पायाला हात लागलेला म्हणतो, हत्ती खांबासारखा. कानाला लागलेला म्हणतो, सुपासारखा. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती एकट्या चक्रधरांची नाही. पाली भाषेतल्या 'उदान' या ग्रंथात ती आहे. तिथे आपापल्या मतासाठी भांडणाऱ्या पंथीयांना उद्देशून बुद्ध ती सांगतात आणि भर त्यांच्या भांडणावर आहे. जैन परंपरेत तीच गोष्ट अनेकान्तवाद समजावण्यासाठी येते. तिथे प्रत्येकाचे म्हणणे अंशतः खरे आहे यावर भर आहे. चक्रधरांच्याच शतकात होऊन गेलेल्या जलालुद्दीन रूमींच्या 'मसनवी'त माणसे आंधळी नाहीत, हत्ती अंधाऱ्या घरात आहे; एक दिवा असता तर वाद मिटला असता, असा तिथला रोख आहे. आणि दृष्टांतपाठात, परमेश्वराच्या एखाद्या अंशालाच पूर्ण परमेश्वर समजणाऱ्यांकडे ती वळते.

हत्ती एकच आणि निष्कर्ष चार. मग हत्ती बोलका आहे असे कसे म्हणावे? तो आपल्याला काय सांगतो, हे कोणीतरी सांगावे लागते. साहित्यकृतीतले अवतरणही असेच मुके असते. एकाच कवितेतली तीच ओळ एकाला निसर्गप्रेमाचा पुरावा वाटते, दुसऱ्याला एकाकीपणाचा. ती ओळ उतरवून खाली 'यावरून स्पष्ट होते' असे लिहिल्याने काहीच स्पष्ट होत नाही. तिच्यातला कोणता शब्द, कोणते क्रियापद, कोणता खंड आपल्या बाजूने साक्ष देतो, हे सांगितल्यावरच ती ओळ आपली होते.

केसोबासांविषयीची आणखी एक गोष्ट 'स्मृतिस्थळा'त आहे आणि तीही आपण परीक्षेपुरतीच शिकवतो. केसोबास संस्कृतचे मोठे पंडित होते आणि त्यांचा ओढा संस्कृतात लिहिण्याकडे होता. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. तुम्ही संस्कृतात लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे आहे. मराठीच्या थोरवीचा दाखला म्हणून आपण ते सांगतो. २०२४ साली ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, त्या दिवशी माझ्याही वर्गात मी ते सांगितले. पण सांगता सांगता माझी जीभ अडखळली. कारण 'बाया' खोडून 'स्त्रिया' करणाऱ्या माझ्या लाल शाईने दुसरे काय केले होते? त्या मुलाची आई नागवली गेली होती. तिच्या तोंडचे कारण कागदावरून गेले आणि त्याच्या जागी 'लोकमानस' आले. लोकमानसाला घरी परतायचे नसते. बायांना असते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. माझ्या मुलांनी लघुप्रबंध झाडीबोलीत लिहावेत असा माझा आग्रह नाही. झाडीबोलीच्या अभ्यासासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य वेचले आणि त्या अभ्यासाचे ग्रंथ प्रमाण मराठीत आहेत. विद्यापीठीय लेखनाची एक सामाईक भाषा असावी, हे मला मान्यच आहे. पण प्रमाण भाषेचा आग्रह धरताना मुलांकडून एक गोष्ट नकळत काढून घेतली जाते. शब्द बदलता बदलता विचारही उसना घेण्याची सवय लागते. घरी ज्याला 'डोरा' म्हणतात त्याला वर्गात 'डोळा' म्हणायचे, इथवर ठीक आहे. पण त्या डोळ्याने पाहिलेले मात्र वर्गात सांगायचे नाही, असा अर्थ मुले घेतात. आणि तो अर्थ त्यांनी घ्यावा अशीच आमची वागणूक असते.

शिवाय माझा त्या दिवशीचा आक्षेप अगदी खोटा होता, असेही नाही. 'माझी आई म्हणते' हे कारण आहे, पण अजून पुरावा नाही. दार्ष्टांतिक म्हणजे मनाला येईल ते म्हणण्याची मोकळीक नव्हे. नाटकाच्या लांबीला इतर कारणे असू शकतात. रात्रभराच्या दंडारीची जुनी सवय असेल, तिकिटाच्या पैशात जास्त नाटक मिळावे अशी अपेक्षा असेल. या शक्यता तपासायला हव्या होत्या. त्यासाठी त्या मुलाला चार गावच्या चार बायांशी बोलून त्यांची गावे आणि तारखा टिपून आण, एखाद्या नाटक लिहिणाऱ्याला विचारून ये, असे सांगायला हवे होते. मौखिक साक्ष हाही संदर्भच असतो. ती नीट नोंदवली पाहिजे एवढेच. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी दुसरे काय केले? चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे जाऊन त्या गोळा केल्या. 'सिद्ध कर' असे म्हणण्याऐवजी मी 'काढ' म्हणाले, ही माझी चूक.

तेव्हापासून माझ्या शिकवण्यात जे थोडे बदलले, ते सांगते. त्यात नवे फारसे नाही. कोणाला उपयोग झाला तर बरे.

पहिले, सूत्र वादग्रस्त होऊ शकेल असे हवे. 'झाडीपट्टी रंगभूमी लोकप्रिय आहे' हे सूत्र नव्हे, कारण त्याला नाही म्हणणारा कोणी भेटणार नाही. ज्याला कोणी शहाणा माणूस 'कशावरून?' असे विचारू शकेल, त्या वाक्यासाठीच परिच्छेद खर्च करावा. आणि एका परिच्छेदाला एकच सूत्र. दुसरे सुचले तर त्याला दुसरी जागा द्यावी.

दुसरे, दृष्टांत नेमका हवा आणि त्याला हात धरून आत आणायला हवे. अवतरण कोणाचे, कुठले, कोणत्या प्रसंगीचे, हे त्याच्या आधी एका वाक्यात यावे. समीक्षकाचे मत हा शक्यतो पुरावा मानू नये. ते दुसऱ्याचे सूत्र असते. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध आपल्याला पुरावा द्यायचा असतो.

तिसरे, दार्ष्टांतिक निदान दृष्टांताएवढे लांब हवे. चार ओळींचे अवतरण आणि एका ओळीचे विवरण, हे उलटे माप झाले. मी हल्ली समासात 'संदर्भ?' लिहीत नाही, 'मंग?' असे लिहिते. मुले आधी हसतात. पण अवतरणाच्या खाली 'मंग?' दिसले की त्यांना काय लिहायचे ते कळते, कारण तो प्रश्न त्यांच्या घरचा आहे. गोष्ट सांगताना मधेच थांबले की आजी तोच विचारते.

चौथी गोष्ट मला एका विद्यार्थिनीने शिकवली. परिच्छेद कुठे संपवावा हे मी समजावत होते आणि ते कोणाच्या ध्यानात येत नव्हते. ती म्हणाली, "मॅडम, बांधीसारखं." आमच्याकडे धानाच्या शेताचे लहान लहान तुकडे पाडतात, तुकड्याला बांधी म्हणतात आणि त्याच्या भोवतालच्या मातीच्या बांधाला धुरा. धानाला पाणी साचून राहावे लागते, म्हणून प्रत्येक बांधी सपाट करून धुऱ्याने बंद करतात. वरच्या बांधीत पाणी जास्त झाले की धुरा थोडा फोडून ते खालच्या बांधीत सोडतात. परिच्छेदाचेही असेच आहे. त्याने आपले पाणी धरून ठेवायचे आणि उरलेले खालच्या परिच्छेदाला द्यायचे. ज्या मुलांनी आषाढात गुडघाभर चिखलात रोवणी केली आहे, त्यांना याहून जास्त सांगावे लागले नाही.

आणि दोन परीक्षा. प्रकरण लिहून झाले की प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचत जावे. युक्तिवाद पुढे सरकताना दिसला तर ठीक. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली तर बांध्या नुसत्याच पाडल्या आहेत, पाणी कुठेच नाही. दुसरी परीक्षा थोडी कठोर आहे. परिच्छेदातले लेखकाचे नाव बोटाने झाकावे आणि तिथे दुसऱ्या कोणाचे नाव घालून पाहावे. परिच्छेद तसाच्या तसा चालला, तर तो कोणाविषयीच लिहिलेला नाही असे समजावे. या परीक्षेत माझे स्वतःचे जुने लेख मी घालून पाहिले. निकाल सांगण्यासारखा नाही.

तो खोडलेला परिच्छेद आज माझ्यापुढे आला असता तर मी मुलाकडून साधारण असा लिहून घेतला असता:

'झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी आणि विनोदी प्रवेश ही कथानकाला जोडलेली ठिगळे नसून, प्रेक्षकांच्या परतीच्या वाटेने घडवलेला तो रचनेचा भाग आहे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. कुरखेडा तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंना याचे कारण विचारले असता त्यांनी उलट विचारले, की नाटक अर्ध्या रात्री संपले तर बायांनी लेकरे घेऊन जावे कुठे? या प्रश्नात "बाया" आणि "लेकरे" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. रस्त्यात जंगल असताना एकटा पुरुष अर्ध्या रात्री निघू शकेल. मुले घेऊन आलेली बाई निघू शकत नाही. ती प्रेक्षकांत असावी असे वाटत असेल, तर प्रयोगाला उजाडेपर्यंत तिला सोबत द्यावी लागते. एकसुरी गंभीर कथानक इतका वेळ प्रेक्षकाला जागे ठेवू शकत नाही. म्हणून गाण्याने आणि हास्याने त्यात विसावे येतात. रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या परंपरेचाही यात वाटा असणार. परंतु ती परंपरा इथे का टिकली, याचे उत्तरही कदाचित याच वाटेवर सापडेल. मग ज्या गावांपर्यंत आता पक्का रस्ता आणि गाडी पोचली आहे, तिथले नाटक आखूड झाले आहे का, हे पाहायला हवे.'

शेवटच्या वाक्यातून पाणी पुढच्या बांधीत जाते. हा परिच्छेद निर्दोष नाही, त्याला खोडता येईल. पण खोडण्यासाठी कोणाला तरी वडशाकडे जाऊन एक रात्र जागावी लागेल. मला वाटते, चांगल्या परिच्छेदाची हीच ओळख.

अलीकडे या सगळ्याला एक नवी निकड आली आहे. गाइडांची जागा आता मोबाइलने घेतली आहे. विषय सांगितला की क्षणात सुबक परिच्छेद मिळतात; विधान, पुरावा, विवरण, सगळे जागच्या जागी. मी शिकवलेला साचा यंत्राला माझ्यापेक्षा चांगला येतो. तेव्हा साचा शिकवून मी काय मिळवले, असा प्रश्न मलाही पडतो. माझ्यापुरते उत्तर इतकेच, की साच्याचा तिसरा कप्पा भरायला कोणीतरी हत्तीपाशी उभे असावे लागते. तिथे उभे असलेले माझ्या वर्गात पुष्कळ आहेत. त्यांना कागदावर येऊ द्यायचे की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आम्हा शिकवणाऱ्यांच्या हाती आहे.

मागच्या वर्षी वडशाच्या रेल्वे स्थानकावर तो मुलगा भेटला. आता मुलगा म्हणू नये. एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. गाडीला उशीर होता. मी त्याला म्हणाले, "तुझ्या लघुप्रबंधातला एक परिच्छेद मी खोडला होता. खोडायला नको होता." तो गोंधळला. त्याला तो परिच्छेद आठवेना. नाटक, आई, परतीची वाट, मी एकेक सांगत गेले. तो संकोचाने मान हलवत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला आणि म्हणाला, "हो, हो, मॅडम. तुम्ही माझे 'पन' सुधारून दिले होते. तेव्हापासून मी कधी चुकलो नाही. मुलांनाही चुकू देत नाही."

गाडी आली. तो बल्लारशाकडे गेला, मी गोंदियाकडच्या गाडीची वाट बघत बसले. पिशवीत या वर्षीचे लघुप्रबंध होते. त्यातला एक काढला आणि लाल पेन पिशवीतच ठेवून वाचू लागले.